साडेसात मिलिमीटर

"चेन ड्राइव्हचे फायदे सांगा."

सेकंड इयरला थिअरी ऑफ मशीन्सच्या ओरलमध्ये एक्सटर्नल सरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी मनातल्या मनात उडीच मारली. स्लिप होत नाही म्हणून व्हेलॉसिटी रेशो कायम राहतो, पट्ट्यापेक्षा जागा कमी लागते, शाफ्टवर ताण कमी येतो, कार्यक्षमता ९८ टक्क्यांपर्यंत जाते. घडाघडा सांगून टाकलं. "आणि तोटे?" तेही पाठ होते. अलाइनमेंट अचूक लागते, देखभाल लागते. सर खूश. मीही खूश.

त्यानंतर पाचच महिन्यांनी याच दोन तोट्यांपायी आमचे अण्णा रस्त्यावर पडले. आणि ती चेन मी 'टाइट' केली होती.

मित्रहो, हा लेख म्हणजे त्या चुकीचा हिशोब आहे, आणि ती चूक कशी दुरुस्त केली त्याची कृतीही. होस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांच्या चेन ज्या सुरात ओरडतात ते ऐकून वाटलं, हे लिहायलाच हवं.

दिवाळीचा पराक्रम

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या जवळ. अण्णा शाळेत क्लार्क. जाऊन-येऊन रोज अठ्ठावीस किलोमीटर, शंभर सीसीच्या गाडीवर. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा गाडीच्या चेन कव्हरमधून खडखड आवाज येत होता. अण्णा म्हणाले, "मिस्त्रीकडे टाकतो उद्या." मी म्हणालो, "मिस्त्री कशाला? मी आहे ना!" मेकॅनिकलला पोरगा घातल्याचं सार्थक झाल्यासारखा चेहरा केला त्यांनी.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. गाडी डबल स्टँडवर घेतली. एक्सलचा नट सैल केला. डावीकडचा अ‍ॅडजस्टर फिरवला. उजवीकडचा नट गंजलेला, तो अर्धामुर्धा फिरून अडकला. मग डावीकडूनच आणखी तीन फेरे दिले. चेन अंगठ्याने दाबून बघितली, 'घट्ट' लागली. नट आवळला, हात धुतले, फराळाला बसलो. आवाज बंद झाला होता. आईने शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

तीन आठवड्यांनी, शाळेतून येताना, एका ओढ्याच्या वळणावर चेनचा लॉक निघाला. मोकळी झालेली चेन कव्हरच्या आत गोळा होऊन अडकली आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. नशीब की गाडी हळू होती, आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला थोडा वेळ होता. अण्णांच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर आणि गुडघ्याला पाच टाके.

मला हे कोणी कळवलं नाही. माझी परीक्षा चालू होती ना. डिसेंबरात घरी गेलो तेव्हा हाताचं प्लॅस्टर नुकतंच निघालेलं दिसलं. गाडी पडवीत धूळ खात उभी. रस्त्यावरच्या मिस्त्रीने नवा लॉक टाकून दिला होता, पण अण्णांनी ती घरी आणून लावली ती लावलीच. तेव्हापासून एस.टी.ने जात होते. मी विचारलं, "गॅरेजला का नाही दिली?"

अण्णा म्हणाले, "तू लावलीस. तूच बघ काय चुकलं ते."

रागावले असते तर बरं झालं असतं.

आधी मोजा, मग पाना धरा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो. या वेळी मी पाना आधी उचलला नाही. फूटपट्टी, मेझर टेप, खडू आणि वही घेतली. अण्णांनी विचारलं, "वही कशाला?" म्हटलं, "जर्नल लिहितोय."

एक गोष्ट सगळ्यात आधी, आणि ठळक अक्षरात समजा: इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावून पुसणारे महाभाग आपल्या कॉलेजात आहेत. फडक्याबरोबर बोटंही स्प्रॉकेटमध्ये जातात. चाक हाताने फिरवा, आणि फिरवताना दुसरा हात चेनपासून लांब ठेवा.

पहिलं मोजमाप ढिलाईचं. खालच्या बाजूची चेन, दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, बोटाने वर-खाली करायची आणि एकूण किती हलते ते पट्टीवर बघायचं. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांना त्यासाठी खाली एक रबरी बूच असतं. आम्ही मात्र कव्हरच काढलं. आमच्या गाडीच्या पुस्तकात ही ढिलाई २० ते ३० मिमी दिली आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो पुस्तकात किंवा चेनजवळच्या स्टिकरवर बघा. मोजताना गाडी डबल स्टँडवर हवी की साइड स्टँडवर, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

गंमत अशी की चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. काही पिना जास्त झिजतात, काही कमी. त्यामुळे चाक पाव-पाव फेरा फिरवून प्रत्येक वेळी मोजायचं, आणि सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथे खडूने खूण करायची. सगळं अ‍ॅडजस्टमेंट त्या जागेवर करायचं. आमच्या चेनची ढिलाई सैल जागी १५ मिमी आणि घट्ट जागी फक्त ६ मिमी भरली. म्हणजे दिवाळीत मी जे 'घट्ट' म्हणून समाधान मानलं होतं, ते गळफासासारखं घट्ट होतं.

"पण घट्ट असली तर बिघडलं कुठं?" अण्णांचा रास्त प्रश्न. मी म्हटलं, "तुम्ही गाडीवर बसा जरा." गाडी स्टँडवरून उतरवली, अण्णा बसले, शॉकअ‍ॅब दबले. चेनला बोट लावलं तर ती तारेसारखी ताणलेली. कारण असं: मागचं चाक ज्या चिमट्यावर (पुस्तकी भाषेत स्विंग आर्म) वर-खाली होतं, त्या चिमट्याचा पिव्होट आणि पुढचं छोटं स्प्रॉकेट एका जागी नसतात, थोडे पुढे-मागे असतात. म्हणून चाक वर-खाली होताना दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा एक्सल एका सरळ रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त होतं. ढिलाई ठेवायची ती याच क्षणासाठी. ती नसेल तर प्रत्येक खड्ड्यात चेन, गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि लॉक या सगळ्यांना हिसका बसतो. आणि आमच्या रस्त्यावर खड्डे किती, हे काही मोजायला बसलो नाही.

चेन 'लांबते' म्हणजे काय

दुसरं मोजमाप झिजेचं. चेन लांबली असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत पिन आणि तिच्यावरची बुश एकमेकांवर घासून झिजतात, आणि ती थोडी-थोडी फट जमा होत जाते. रोलर चेनची ही पिन, बुश आणि रोलरची रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला केली. आजही आपल्या बुडाखाली तीच फिरते आहे.

चेनवर ४२८ असा आकडा कोरलेला असेल तर पहिला ४ म्हणजे पिच ४/८ इंच, म्हणजेच १२.७ मिमी. ५२० असेल तर पिच ५/८ इंच. आता चेन ताणून धरा. कुठल्याही एका पिनेच्या मध्याला शून्य म्हणा आणि तिथून विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी ४२८ चेन असेल तर २० × १२.७ = २५४ मिमी यायला हवेत. २५९ आले तर झीज २ टक्के झाली, चेन बदला. ५ मिमी भागिले २०, म्हणजे प्रत्येक कडीत फक्त पाव मिमी झीज. पण तेवढ्याने कडी स्प्रॉकेटच्या खाचेत नीट न बसता दाताच्या वरच्या अंगावर चढून बसते आणि दातांचे आकडे होऊ लागतात. म्हणूनच चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (गॅरेजमध्ये यांना सगळे 'सॉकेट' म्हणतात) एकत्रच बदलावीत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर मरते. आमची चेन २५७ भरली. अजून थोडी चालण्यासारखी होती.

साडेसात मिलिमीटरचा हिशोब

तिसरं मोजमाप सरळपणाचं. इथे माझी मान खाली गेली.

चिमट्याच्या टोकाशी दोन्हीकडे खाचा किंवा रेषा असतात. दिवाळीत त्या चिखल आणि ग्रीसखाली होत्या आणि मी पुसायची तसदीही घेतली नव्हती. पण नुसत्या रेषांवर जाऊ नका. अ‍ॅडजस्टरची पातळ पट्टी वाकलेली असू शकते. मेझर टेपने चिमट्याच्या पिव्होट बोल्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. दोन्ही सारखी यायला हवीत. आमची डावी बाजू बरोबर ३ मिमी जास्त भरली. अ‍ॅडजस्टरचा बोल्ट एम ६, पिच १ मिमी. दिवाळीतले डावीकडचे जास्तीचे तीन फेरे, एकही कमी नाही.

"तीन मिलिमीटर? एवढ्याशाने काय होतंय?" अण्णा म्हणाले. मग वहीत हिशोब मांडला. चिमट्याच्या दोन बाजूंमधलं अंतर साधारण २०० मिमी. म्हणजे चाक २०० ला ३ या प्रमाणात तिरकं. दोन्ही स्प्रॉकेटच्या केंद्रांमधलं अंतर साधारण ५०० मिमी. ३ भागिले २००, गुणिले ५००. उत्तर ७.५. मागच्या स्प्रॉकेटची रेषा पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत पोचेतो साडेसात मिलिमीटरने चुकत होती. आणि ४२८ चेनच्या दोन पट्ट्यांमधली आतली जागा जेमतेम ८ मिमी!

पुरावा मागच्या स्प्रॉकेटवरच होता. दातांची एकच बाजू घासून आरशासारखी चमकत होती. रोलर चेन वर-खाली वाकण्यासाठी बनलेली असते, आडवी वाकायला नाही. तिरकी चालली की बाजूने येणारं बळ लॉकच्या सुट्या पट्टीला आतून बाहेर, क्लिपवर ढकलत राहतं. आमची जुनी क्लिप रस्त्यात कुठे पडली ते कळलं नाही, त्यामुळे सगळा दोष या साडेसात मिलिमीटरचाच होता असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. क्लिप आधीच सैल असेल. पण वाकडी आणि वर ताणलेली चेन तिला देऊन मी तिचं काम सोपं केलं नव्हतं, एवढं नक्की.

मी वहीकडे बघत होतो. अण्णा उठले, चहा सांगून आले आणि म्हणाले, "सापडलं ना? मग आता सरळ कर."

कृती

१. सफाई. रॉकेल, नाहीतर डिझेल, आणि जुना टूथब्रश. पेट्रोल नको, ते भडकतं. ओ-रिंगवाली चेन असेल तर तारेचा ब्रशही नको, रिंगा फाटतात. मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा.

२. गंजलेला नट. त्याच्याशी मारामारी करू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि अर्धा तास वाट बघा. दिवाळीत मी हा अर्धा तास वाचवला होता.

३. सैल करणे. एक्सलच्या नटात स्प्लिट पिन असेल तर पक्कडीने काढा. आमच्यासारख्या काही गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो. मग अ‍ॅडजस्टरचे लॉकनट.

४. सारखं फिरवणे. फेरे मोजण्याऐवजी नटाच्या कडा मोजा. षटकोनी नटाला सहा कडा. पिच १ मिमी असेल तर एक कड म्हणजे साधारण ०.१७ मिमी. आधी दोन्ही बाजू टेपने सारख्या करून घ्या. त्यानंतर डावीकडे दोन कडा तर उजवीकडेही दोनच. चेन सैल करायची असेल तर नट उलटे फिरवून चाक पुढे ढकला, म्हणजे एक्सल खरोखर पुढे सरकेल.

५. दोरीची परीक्षा. गवंडी भिंतीचा थर सरळ ठेवायला जी बारीक नायलॉनची लाइनदोरी ताणतात ती घ्या. मागच्या टायरच्या पाठीमागून वळसा घालून दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्याही पुढे न्या आणि ताणा. दोरी जमिनीला समांतर आणि जेवढी उंच जमेल तेवढी उंच हवी. स्टँडला, पायट्यांना ती कुठे अडता कामा नये. ती मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. हँडल सरळ करा आणि पुढच्या टायरपाशी दोन्हीकडची फट बघा. आमचा मागचा टायर ३.०० आणि पुढचा २.७५ इंची, म्हणजे दोन्हीकडे साधारण ३-३ मिमी फट हवी. दुरुस्तीच्या आधी डावीकडे दोन सेंटिमीटरच्या आसपास फट होती आणि उजवीकडे दोरी टायरलाच अडत होती. एक टोक मी धरलं होतं, दुसरं अण्णांनी डाव्या हाताने. दुरुस्तीनंतर दोन्हीकडे सारखं आलं तेव्हा त्यांनी दोरी सोडली नाही, पुन्हा एकदा वाकून बघितलं. शेवटी गाडीच्या मागे बसून, एक डोळा मिटून चेनच्या वरच्या पट्ट्याकडे बघा. ती स्प्रॉकेटवरून सरळ निघालेली दिसली पाहिजे.

६. आवळणे. चाक पुढे ढकलून धरा, म्हणजे एक्सल दोन्ही अ‍ॅडजस्टरना टेकलेला राहील. मग एक्सलचा नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. टॉर्क रेंच घरी नसतो, आपल्या वर्कशॉपमधून मागून आणा किंवा नट शेवटी गॅरेजमध्ये तपासून घ्या. स्प्लिट पिन नवीच टाका. आवळल्यावर ढिलाई पुन्हा मोजा, कारण नट आवळताना चाक थोडं सरकतं. आमची घट्ट जागी २० आणि सैल जागी २९ आली. बसलं!

७. लॉक. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. माशासारखी दिसते ती. मासा डोकं पुढे करून पोहतो, एवढं लक्षात ठेवा. शेपूट पुढे आली तर कुठेतरी अडकून क्लिप उघडू शकते.

८. ब्रेक. हे बहुतेक जण विसरतात. चाक मागे-पुढे सरकलं की ड्रम ब्रेकच्या रॉडचा ताणही बदलतो. मागे सरकलं तर ब्रेक घासत राहतो, पुढे सरकलं तर उशिरा लागतो. पेडलचा फ्री प्ले आणि मागचा लाल दिवा दोन्ही तपासा. चाक हाताने मोकळं फिरतं का तेही बघा.

९. तेल. आमच्याकडे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनला घालायची जुनी पद्धत. अण्णाही तेच घालायचे. त्या तेलात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो, म्हणजे पिनेला पॉलिश पेपरच लावल्यासारखं. त्याऐवजी नव्वद नंबरचं गिअर ऑइल वापरा. गाडी थोडी फिरवून आणा, चेन कोमट असताना खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटीत थेंब-थेंब सोडा. चेन फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून सोडलेलं तेल पिनेपर्यंत पोचतं. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेर चिकटलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. मी आता दर पाचशे किलोमीटरला आणि मोठ्या पावसानंतर तेल देतो, आणि त्याच वेळी ढिलाई मोजतो.

जाता जाता

सगळं झाल्यावर अण्णांनी किल्ली मागितली. मी म्हटलं, "आधी मी चक्कर मारून येतो." ओढ्याच्या त्या वळणापर्यंत गेलो, गाडी थांबवली, नट हाताने चाचपले, परत आलो. मग ते बसले. वेशीपर्यंत गेले आणि आले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ची वेळ टळून गेली तरी ते निवांत चहा पीत बसले होते, त्यावरून मी काय ते समजलो.

ओरलला मी 'अलाइनमेंट अचूक लागते' हे वाक्य म्हटलं होतं. अचूक म्हणजे किती, हे ना सरांनी विचारलं ना मला ठाऊक होतं. आता कोणी विचारलं तर वहीचं ते पान दाखवीन.

या सगळ्याला पहिल्या वेळी आमची अख्खी सकाळ गेली. आता पाऊण तासात होतं. रविवारी मेसचं जेवण उशिराच असतं, तेव्हा पार्किंगमध्ये या. लाइनदोरीचं बंडल माझ्या रूमवर आहे, खुशाल घेऊन जा. फक्त परत आणून द्या, मागच्या वेळी कोणीतरी त्यावर कपडे वाळत घातले होते.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी